मेजर वर्क्सचं बिल आणि तुटपुंजं उत्पन्न: इंग्लंडमधल्या लीजहोल्डरला खरी मदत कुठे मिळते?

मुंबई-पुण्यात सोसायटीचं छप्पर गळायला लागलं की निदान भांडायला सर्वसाधारण सभा तरी असते. इंग्लंडमधल्या लीजहोल्ड फ्लॅटला, म्हणजे ठरावीक वर्षांच्या लीजवर (करारावर) विकत घेतलेल्या फ्लॅटला, तीही नाही. इमारत फ्रीहोल्डरची, म्हणजे मूळ मालकाची: काउन्सिलची (स्थानिक पालिकेची), हाउसिंग असोसिएशनची (ना-नफा गृहसंस्थेची) किंवा एखाद्या कंपनीची. छप्पर कधी बदलायचं ते तोच ठरवणार, कंत्राटदार तोच आणणार, आणि तुमचा वाटा किती ते तुम्हाला पत्रानं कळणार. स्वस्त पडतो म्हणून काउन्सिलचा जुना फ्लॅट घेतलेल्यांना हे पत्र जास्तच झोंबतं, कारण काउन्सिलच्या लीजमध्ये सहसा राखीव निधीची सोय नसते. वर्षानुवर्षं थोडं थोडं साठलेलं काहीच नाही, आणि बिल एकदम आठ-दहा हजार पौंडांचं, कधी त्याच्या कित्येक पट. त्याच जिन्यावरच्या काउन्सिलच्या भाडेकरूला असं पत्र येत नाही. त्याच्या फ्लॅटचा वाटा काउन्सिल स्वतः उचलते.

या ‘मेजर वर्क्स’च्या, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांच्या, बिलापुढे कमी उत्पन्नाच्या माणसाला ज्या सोयी उपलब्ध आहेत, त्यांची ही पारख. निकाल आधीच सांगून टाकतो: यातल्या बहुतेक सोयी बिल कमी करत नाहीत, नुसतं पुढे ढकलतात. बिल खरोखर खाली आणू शकणाऱ्या गोष्टी मोजक्या: कामाआधीची सल्लामसलत, काही कायदेशीर मर्यादा, आणि ट्रायब्यूनल, म्हणजे असे वाद ठरवणारं न्यायाधिकरण. लोक नेमका उलटा क्रम धरतात. आधी हप्त्यांचा फॉर्म भरतात, बिल नंतर वाचतात.

बिल आतून कसं असतं

समजा १२ फ्लॅटची इमारत आहे आणि सगळ्यांचा वाटा सारखा आहे. छपराचं काम ४८,००० पौंड, काँक्रीटची दुरुस्ती १८,०००, परांची १६,०००, एकूण ८२,०००. त्यावर प्रिलिम्स, म्हणजे साइट ऑफिस, शौचालय, सुरक्षा, कंत्राटदाराची देखरेख वगैरे, १२ टक्के. त्यावर आकस्मिक खर्चासाठी ५ टक्के. त्यावर सर्व्हेयरची फी १० टक्के. आणि या सगळ्यावर काउन्सिलची व्यवस्थापन फी आणखी १० टक्के. बेरीज होते १,१६,६८३ पौंड. दर फ्लॅटमागे ९,७२४. छप्पर आणि काँक्रीट यांच्या प्रत्यक्ष कामाचा तुमचा वाटा मात्र ५,५०० च होता. परांची धरूनही मूळ यादीतल्या प्रत्येक पौंडामागे तुम्ही १ पौंड ४२ पेन्स भरता.

हे आकडे नमुन्याचे आहेत, टक्केवारी इमारतीगणिक बदलते. पण बिलाची रचना अशीच असते. त्यातून धडा एकच: वाद वरच्या टक्क्यांवर घालू नका, खालच्या यादीतल्या मापांवर घाला. काँक्रीटच्या दुरुस्तीपुढे बहुधा ‘प्रोव्हिजनल सम’ लिहिलेलं असतं. परांची चढवून हातोडीनं ठोकून पाहिल्याशिवाय पोकळ काँक्रीट किती ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणून अंदाजानं रक्कम धरतात. प्रत्यक्षात निम्मंच निघालं, म्हणजे ९,००० पौंड, तर वरच्या उदाहरणात तुमचे १,०६७ पौंड वाचतात. पण ते आपोआप परत येत नाहीत. सुरुवातीला बिल येतं ते अंदाजपत्रकावर. काम संपल्यावर ‘फायनल अकाउंट’ मागून मोजमापाची नोंद तपासावी लागते. अंतिम हिशेब यायला वर्ष-दोन वर्षं सहज लागतात आणि तोवर निम्मे लोक विसरलेले असतात.

आपला वाटा कसा काढला तेही पाहा. कुठे समान वाटणी, कुठे खोल्यांच्या संख्येवर, कुठे अजून जुन्या रेटेबल व्हॅल्यूवर (करासाठी ठरवलेल्या भाडेकिमतीवर). लीजमध्ये लिहिलंय तेच लागू. आणि त्याच लीजमध्ये पाहायचं की ‘दुरुस्ती’ एवढंच लिहिलंय की ‘सुधारणा’ही. सुधारणेचे पैसे घ्यायची तरतूदच नसेल तर ते घेता येत नाहीत.

कलम २० ची नोटीस: फुकटची, आणि सगळ्यात वाया जाणारी सोय

१९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट अ‍ॅक्टचं कलम २० सांगतं की एखाद्या कामासाठी कुठल्याही लीजहोल्डरकडून २५० पौंडांपेक्षा जास्त घ्यायचे असतील तर आधी लेखी सल्लामसलत केली पाहिजे. एरवी पहिली नोटीस कामाचा इरादा सांगते, दुसरी अंदाजपत्रकं दाखवते, आणि दोन्ही वेळा म्हणणं मांडायला ३० दिवस मिळतात. पहिल्या टप्प्यात तुम्ही स्वतःचा कंत्राटदारही सुचवू शकता.

काउन्सिलच्या बाबतीत इथे मेख आहे. बऱ्याच काउन्सिलांनी मोठ्या कंत्राटदारांशी वर्षांनुवर्षांचे करार आधीच केलेले असतात. असा करार असेल तर एकच नोटीस येते आणि कंत्राटदार सुचवायची संधीच नसते. स्पर्धेची अंदाजपत्रकं शोधत बसू नका. त्याऐवजी करारातलं दरपत्रक आणि मापं मागा.

उत्तरात काय लिहायचं? ‘आम्हाला परवडत नाही’ एवढंच लिहिलेलं पत्र फाइलला लागतं, बाकी काही होत नाही. त्याऐवजी नेमकं विचारा. छप्पर पॅच मारून आणखी पाच वर्षं चालेल असं सर्व्हेयरचा अहवाल म्हणतो का? तो अहवाल पाहायला मिळेल का? खिडक्या आणि छप्पर दोन वेगळ्या वर्षांत करता येतील का? मागच्या दुरुस्तीची वॉरंटी अजून शिल्लक आहे का? छपराला विमा आहे आणि गळतीचं मूळ वादळात आहे, तर दावा केला का? आणि हो, परवडत नाही हेही लिहा, उत्पन्नाच्या आकड्यासकट. त्याचा उपयोग पुढे ट्रायब्यूनलमध्ये होतो. परांची चढण्याआधी छपराचे, खिडक्यांचे, भिंतीतल्या तड्यांचे फोटो काढून ठेवा. काम झाल्यावर जुनी खिडकी किती सडली होती हे सिद्ध करायला खिडकीच उरत नाही.

सल्लामसलत झालीच नाही तर वसुलीवर २५० पौंडांची मर्यादा येते, हे खरं. पण त्यावर विसंबून राहू नका. फ्रीहोल्डर ट्रायब्यूनलकडे सूट मागू शकतो, आणि २०१३ च्या डेजान विरुद्ध बेन्सन या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रश्न असा विचारला जातो: नोटीस न मिळाल्यानं तुमचं नेमकं काय नुकसान झालं? ‘आम्ही अमुक कंत्राटदार सुचवला असता, त्याचा दर इतका होता’ असं दाखवता आलं तर जोर येतो.

या सोयीला पाचपैकी चार गुण. एक गुण कापला, कारण नोटिशीची भाषा अशी असते की वाचणाऱ्याला वाटावं, ही निव्वळ औपचारिकता आहे.

पैसे देणं लागतं का, हे आधी

बिल हातात आलं की चार गोष्टी पाहायच्या. बिलासोबत लीजहोल्डरच्या हक्कांचा आणि कर्तव्यांचा सारांश जोडलेला आहे का; नसेल तर तो मिळेपर्यंत रक्कम रोखून ठेवता येते. फ्रीहोल्डरचं नाव-पत्ता आहे का. खर्च होऊन १८ महिने उलटून गेलेत का, आणि त्या १८ महिन्यांत ‘असा खर्च झालाय, पुढे मागू’ असं लेखी कळवलं होतं का. दोन्हीपैकी काहीच झालं नसेल तर कलम २०ब खाली तो खर्च वसूल करता येत नाही. आणि फ्लॅट राइट टू बायमधून (काउन्सिलच्या भाडेकरूला आपलं घर विकत घेऊ देणाऱ्या योजनेतून) घेतलेला असेल तर कलम १२५ ची जुनी ऑफर नोटीस शोधा: पहिल्या पाच वर्षांत त्या नोटिशीतल्या दुरुस्तीच्या अंदाजापेक्षा, महागाईचा फरक सोडला तर, जास्त घेता येत नाही. ही नोटीस वकिलाच्या फाइलीत पडून असते, घरात नाही.

इमारत किमान ११ मीटर उंच किंवा किमान पाच मजल्यांची असेल आणि काम आग किंवा संरचनेच्या सुरक्षिततेच्या दोषाचं असेल, तर २०२२ चा बिल्डिंग सेफ्टी अ‍ॅक्ट पाहा. पात्र लीजहोल्डरला क्लॅडिंगचा (बाहेरच्या भिंतींवरच्या आवरणाचा) खर्च शून्य. बाकी सुरक्षादोषांसाठी साधारण घरांना लंडनमध्ये १५,००० आणि बाहेर १०,००० पौंडांची कमाल मर्यादा, तीही वर्षाला जास्तीत जास्त एक दशांश. घराची किंमत १४ फेब्रुवारी २०२२ रोजी लंडनमध्ये ३,२५,००० पौंडांखाली, बाहेर १,७५,००० खाली असेल तर तेही शून्य. त्यासाठी लीजहोल्डरचं प्रमाणपत्र भरून द्यावं लागतं. पण सावध: म्हातारं झालेलं छप्पर हा सुरक्षेचा दोष नव्हे. वयानं झिजलेल्या गोष्टींना हे संरक्षण नाही.

‘फ्लोरीज लॉ’चं नाव बरेच जण ऐकून असतात. न्यूकीच्या एका ९३ वर्षांच्या लीजहोल्डर बाईंना छपरासाठी सुमारे ५०,००० पौंडांचं बिल आलं, त्यावरून २०१४ मध्ये आलेली ही मर्यादा: पाच वर्षांत लंडनमध्ये १५,०००, बाहेर १०,०००. मात्र ती सरकारी निधीतून होणाऱ्या कामांना आणि फ्लॅटमध्ये स्वतः राहणाऱ्यांनाच लागू होते. काउन्सिलनं स्वतःच्या पैशांतून काम काढलं तर लागू नाही. म्हणून पहिला प्रश्न काउन्सिलला हाच: या कामाला केंद्र सरकारचा निधी आहे का? उत्तर लेखी घ्या. एरवी नाव मोठं, लक्षण खोटं.

सल्ला: लीजहोल्ड अ‍ॅडव्हायझरी सर्व्हिस

सगळीकडे ‘लीज’ याच नावानं ओळखली जाणारी ही सरकारी पैशावर चालणारी संस्था इंग्लंड आणि वेल्समधल्या लीजहोल्डरांना मोफत कायदेशीर माहिती देते. वेबसाइटवरची माहिती उत्तम, कलमांसकट. सल्लागाराशी बोलायचं तर वेळ ठरवावी लागते आणि ती वेळ थोडीच असते. त्यामुळे लीजच्या कराराचा तपशील, नोटीस, बिल आणि तारखा एका पानावर लिहून समोर ठेवा, नाहीतर निम्मा वेळ ‘तुमचा फ्रीहोल्डर कोण?’ यातच जातो. ते तुमच्या वतीनं पत्र लिहीत नाहीत, खटला लढवत नाहीत, बिल योग्य की अयोग्य हेही ठरवत नाहीत. हे माहीत असेल तर पाचपैकी साडेचार.

हप्ते

बहुतेक काउन्सिला बिनव्याजी हप्ते देतात. किती महिन्यांचे, ते काउन्सिलगणिक आणि रकमेगणिक बदलतं. स्वतः राहणाऱ्याला जास्त मुदत, फ्लॅट भाड्यानं दिलेल्याला कमी. बिनव्याजी मुदत संपल्यावर व्याज लागतं का, हे फॉर्मच्या मागच्या पानावर असतं. ९,७२४ पौंड ३६ महिन्यांत फेडायचे म्हणजे महिन्याला २७० पौंड. नेहमीचा सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीची आकारणी) वेगळा. एवढे झेपणार नसतील तर पहिल्या दिवशीच उत्पन्न-खर्चाचा तक्ता पाठवून जास्त मुदत मागा. दोन हप्ते चुकवल्यावर मागितलेली मुदत मिळायला फार जड जाते.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. नुसते पैसे भरल्यानं तुम्ही बिल मान्य केलं असं कायदा मानत नाही. पण ‘ही रक्कम मला मान्य आहे’ असं लिहून सही केली, तर त्या मुद्द्यावर ट्रायब्यूनलचं दार बंद होऊ शकतं. हप्त्यांच्या करारात असं वाक्य असेल तर ते खोडायला सांगा, किंवा ‘रकमेबद्दलचे सर्व हक्क राखून’ अशी ओळ लिहून घ्या. पैसे भरताना ईमेलही पाठवा: भरणा निषेधासह. पाचपैकी साडेतीन.

कर्ज आणि घरावरचा बोजा

काउन्सिल किंवा हाउसिंग असोसिएशनचा राइट टू बायचा लीज दिल्यापासून दहा वर्षांच्या आत मोठं दुरुस्ती-बिल आलं, तर त्यासाठी फ्रीहोल्डरकडून कर्ज घेण्याचा हक्क १९९२ च्या नियमांनी दिलेला आहे. रकमेच्या खालच्या-वरच्या मर्यादा दरवर्षी बदलतात, आणि मागणी आल्यापासून सहा आठवड्यांत अर्ज करावा लागतो. हे सहा आठवडेच लोक घालवतात. व्याज लागतं, कर्ज घरावर नोंदलं जातं.

दहा वर्षं उलटून गेली असतील तर काउन्सिलच्या मर्जीवर. काही ठिकाणी बिल घरावर बोजा म्हणून चढवून ठेवतात. घर विकल्यावर किंवा मालकाच्या पश्चात वसूल होतं. काही ठिकाणी घराच्या किमतीतला हिस्सा घेतात. साठीच्या पुढच्या, पेन्शनवर जगणाऱ्या, घर न विकता तिथेच राहायचं ठरवलेल्या माणसाला हा पर्याय खरोखर चांगला. तरुण कुटुंबाला नाही: पुढचं घर घ्यायच्या वेळी हीच रक्कम व्याजासकट समोर उभी राहते. विचारायचे प्रश्न: व्याज साधं की चक्रवाढ, दर ठरलेला की बदलता, वकिलाचा खर्च कुणाचा, आणि गहाणदार बँकेची संमती कोण आणणार.

बँकेवरून आठवलं. बिल थकवलं की खासगी फ्रीहोल्डर बरेचदा थेट तुमच्या मॉर्गेज बँकेला पत्र लिहितो. बँकेला लीज रद्द होण्याची भीती असते, म्हणून ती पैसे भरून टाकते आणि रक्कम तुमच्या मॉर्गेजमध्ये मिळवते. वाद चालू असेल तर बँकेला तुम्हीच आधी लेखी कळवा की रक्कम अमान्य आहे आणि ट्रायब्यूनलनं ती ठरवल्याशिवाय किंवा तुम्ही मान्य केल्याशिवाय लीज रद्द करण्याची कारवाई होऊ शकत नाही.

बेनिफिट: सपोर्ट फॉर मॉर्गेज इंटरेस्ट

नावावरून अनुदान वाटतं. एप्रिल २०१८ पासून हे कर्ज आहे, घरावर चढतं आणि त्यालाही व्याज लागतं. देतं ते फक्त पात्र कर्जाचं व्याज, मुद्दल नाही. युनिव्हर्सल क्रेडिटवर (कामाच्या वयातल्या कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता) तीन महिने थांबावं लागतं, पेन्शन क्रेडिटवर (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांचा भत्ता) थांबावं लागत नाही. पेन्शन क्रेडिटवाल्यांसाठी कामाचा मुद्दा: दुरुस्तीचा सर्व्हिस चार्ज भरण्यासाठी घेतलेलं कर्ज पात्र ठरू शकतं, पण ते पैसे साधारण सहा महिन्यांच्या आत त्याच कामाला लागले पाहिजेत. म्हणजे बिल आधी क्रेडिट कार्डावर ओढून टाकायचं आणि मग मदत मागायची, हा मार्ग चुकीचा. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये कर्ज घरावर तारण असावं लागतं. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेकडून हिशेब करून घेतल्याशिवाय अर्ज करू नका. पाचपैकी दोन.

व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ असा शिक्का असलेल्यांना हे बेनिफिट मागताच येत नाहीत. मागितले तर व्हिसाच धोक्यात येतो. भारतातून कामाच्या व्हिसावर आलेल्यांनी हे आधी पाहावं. काउन्सिलचे हप्ते मात्र बेनिफिट नव्हेत, ते फ्रीहोल्डर आणि लीजहोल्डर यांच्यातली देणीघेणी आहेत.

ट्रायब्यूनल

फर्स्ट-टियर ट्रायब्यूनलच्या प्रॉपर्टी चेंबरकडे कलम २७अ खाली अर्ज करून ‘ही रक्कम देय आहे का, आणि वाजवी आहे का’ हे ठरवून घेता येतं. अर्जाची आणि सुनावणीची फी वेगवेगळी. कमी उत्पन्न असेल तर ‘हेल्प विथ फीज’मधून माफ होऊ शकते. फी भरण्याआधी तो अर्ज करा. वकील लागतोच असं नाही. हरलात तरी समोरच्याचा खर्च सहसा अंगावर येत नाही. पण लीजमधून तोच खर्च सर्व्हिस चार्ज म्हणून फिरून येऊ शकतो, म्हणून त्याच अर्जासोबत कलम २०क चा अर्ज जोडायचाच. हा विसरलेला कागद जिंकलेल्या माणसालाही महाग पडतो.

‘माझी ऐपत नाही’ म्हणून बिल माफ होत नाही. पण ऐपतीचा मुद्दा अगदीच फुकट जात नाही. २०११ च्या गार्साइड निकालानं म्हटलं की खर्चाचा लीजहोल्डरांवर होणारा परिणाम आणि काम टप्प्याटप्प्यानं करता आलं असतं का, हे वाजवीपणा ठरवताना विचारात घेता येतं. आणि २०१७ मध्ये हाउन्सलोच्या आयव्हीब्रिज इस्टेटचं प्रकरण अपील न्यायालयात गेलं. लाकडी खिडक्यांच्या जागी धातूच्या बसवल्या, त्यामुळे क्लॅडिंग बदलावं लागलं, अ‍ॅसबेस्टॉस काढावा लागला, आणि एका लीजहोल्डरचं बिल सुमारे ५५,००० पौंडांवर गेलं. न्यायालयानं सांगितलं: दुरुस्ती करणं भाग असतं, पण सुधारणा ऐच्छिक असते, तेव्हा सुधारणेच्या वेळी लीजहोल्डरांचं मत आणि त्यांची ऐपत जास्त गांभीर्यानं पाहिली पाहिजे. म्हणूनच तीस दिवसांच्या पत्रात उत्पन्नाचा आकडा लिहायचा.

पुरावा म्हणजे तक्रारींचा गठ्ठा नव्हे. ट्रायब्यूनलवर बहुधा एक सर्व्हेयर सदस्य असतो. त्याच्यापुढे ‘फार महाग आहे’ याला किंमत नाही, ‘याच मापाचं दुसऱ्या कंत्राटदाराचं अंदाजपत्रक हे’ याला आहे. स्वतंत्र सर्व्हेयरचा अहवाल खर्चिक, म्हणून जिन्यावरच्या सगळ्यांनी मिळून घ्यावा. मान्यताप्राप्त रहिवासी संघटना असेल तर तिनं नेमलेल्या सर्व्हेयरला फ्रीहोल्डरची कागदपत्रं आणि इमारत पाहण्याचा हक्कही मिळतो. वाद नसलेला भाग भरून टाका आणि उरलेल्या प्रत्येक ओळीपुढे आकडा आणि कारण लिहा. सगळंच अमान्य म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. पाचपैकी चार, उरलेला एक गुण लागणाऱ्या महिन्यांनी खाल्ला.

हाउसिंग ओम्बड्समनकडेही (घरांबाबतच्या तक्रारी तपासणाऱ्या यंत्रणेकडेही) लोक जातात. काउन्सिलनं पत्रांना उत्तर दिलं नाही, हिशेब वेळेवर दाखवला नाही, अशा तक्रारींना ती जागा बरोबर. रक्कम वाजवी की नाही, हे मात्र तिथे ठरत नाही.

शेवटची सोय म्हणून कुणी इक्विटी रिलीज, म्हणजे उतारवयात राहत्या घरावर घेतलेलं कर्ज, सुचवेल. त्याआधी काउन्सिलकडून बोजा चढवण्याच्या अटी लेखी मागवा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून चक्रवाढीची दहा वर्षांची रक्कम काढा. बाजारातल्या कर्जावर दरसाल ७ टक्के चक्रवाढ धरली तर ९,७२४ चे दहा वर्षांत सुमारे १९,१०० होतात.